रुख्मिणीबाईंचा गडवा

मी काही फार चांगली बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी नाक मुरडायला नको.

माझं नाव ज्योत्स्ना इंगळे. अकोल्यात, जुन्या शहरात माझं दुकान आहे. तांब्याची जुनी भांडी फुटली, चिरली, दबली की लोक माझ्याकडे आणतात. माझे वडील श्रावण इंगळे एका तांबटाकडे भाता ओढायचे. तांबटाच्या मुलांनी मोबाईलचं दुकान टाकलं, तेव्हा त्याची हत्यारं वडिलांनी घेतली आणि वडिलांची मी. आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकले, कागदही मिळाला. पण जुन्या पातळ पत्र्याला कुठे किती आग दाखवायची, हे मला वडिलांनीच शिकवलं. गेल्या माघात ते वारले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी हिवरखेडचा गजेंद्र इंगळे दुकानात आला. पन्नाशीचा, पांढरीशुभ्र पँट, बोटात दोन अंगठ्या. काखेत टॉवेलात गुंडाळलेला गडवा. गडवा म्हणजे पुण्याकडचे ज्याला तांब्या म्हणतात तो. पण हा चांगला मोठा, दोन लिटर पाणी मावेल असा, शंभर वर्षांपूर्वीचा. वरचा अर्धा आणि खालचा अर्धा वेगवेगळ्या पत्र्यातून ठोकलेला, आणि पोटावर दोन्हींना दाते पाडून एकमेकांत अडकवलेले. आता दाते मोडले होते, सांध्यावर ओतलेला जुना झाळ पार झिजला होता. दोन्ही अर्धे निव्वळ सवयीने एकमेकांना धरून होते.

"माह्या आईचा हाय," गजेंद्र म्हणाला. "डॉक्टरनं घरी नेयाले सांगतलं तिले. आता एकच धोशा लावला. म्हनते, मरायच्या आंधी माह्या मायच्या गडव्यातून पानी पाजा. होते का?"

"होते," मी म्हणाले. "तीन दिवस लागतील."

त्याने दुकानाची पाटी वाचली. "इंगळे. कुठले इंगळे तुमी?"

वऱ्हाडात हा प्रश्न गावाचा नसतो. इंगळे त्यांच्यातही आहेत, आमच्यातही. समोरच्याला काय हवं असतं ते त्यालाही ठाऊक असतं आणि आपल्यालाही. "मूळचे तेल्हाऱ्याकडचे," मी म्हणाले. ते खरंच होतं.

"मंग आपलेच झाले!" गजेंद्र खूश झाला. मी त्याची चूक दुरुस्त केली नाही. भीती वगैरे नव्हती, कंटाळा होता. दिवसाकाठी किती जणांना वंशावळ वाचून दाखवायची? मी चहा मागवला. आपल्याच माणसाकडचा म्हणून त्याने दोन कप प्यायला.

जाण्याआधी त्याने मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावून आईला दाखवलं. खाटेवर एवढीशी म्हातारी, डोळ्यांत फूल पडलेलं, मान हलणारी. रुख्मिणीबाई. तिला मी दिसत नव्हते, पण आवाजाच्या दिशेने तिने तोंड केलं.

"कोन बाई हायेस वं तू?"

"भांडं जोडणारी, आजी."

"बाईमानूस? अन् भट्टीवर?" ती हसली. "जोडून दे वं माय. मी नऊ वर्साची होतो, मले मोतीझिऱ्याचा ताप आला होता. मायनं एकवीस रात्री याच गडव्यानं थेंब थेंब पानी पाजलं मले. स्टीलच्या गिलासाचं पानी माह्या गयाखाली उतरत नाई."

त्या तीन दिवसांत तिने घरच्यांना रोज मला फोन लावायला लावला. झाला का वं? किती रायला? तुह्ये हात भाजत नाईत का? जेवली का? माझी आई मी लहान असतानाच गेली. जेवली का म्हणून मला कोणी विचारत नाही. मी हुरळले, हे कबूल करते. त्या गडव्याला जेवढा जीव लावला तेवढा मी एखाद्या माणसाला लावला असता, तर आज घरात एकटी नसते.

काम अवघड होतं. पितळेचा पक्का झाळ द्यायचा तर तांबं लाल करावं लागतं, आणि हा पत्रा राखेने घासून घासून कागदासारखा पातळ झालेला. लाल केला असता तर भोकं पडली असती. म्हणून कथलाचा डाग, म्हणजे कथील वितळवून जोड. पिण्याचं भांडं, म्हणून शिसं अजिबात नाही, शुद्ध कथील. आतून तांब्याची बारीक पट्टी बसवली, जोड चिंचेने घासून लख्ख केला, नवसागर भुरभुरवला आणि मंद आचेवर कथील गोल फिरवत नेलं. जोडावर बोट फिरवलं तर नख अडकत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी म्हातारी फोनवर म्हणाली, "तू स्वता ये वं गडवा घेऊन. पयलं पानी तुह्याच हातानं पेईन मी. मायसारखा हात हाय तुह्या."

मी जाणारही होते. पण त्याच संध्याकाळी गजेंद्र गडवा न्यायला आला. मी त्याला बजावलं, "भाऊ, एक लक्षात ठेवा. याला विस्तव दाखवायचा नाही. कथील आहे, आग लागली की पळतं. पाणी भरा, पाणी प्या, बस."

तो मान डोलवत होता, पण त्याचं लक्ष टेबलाकडे होतं. तिथे वडिलांच्या पुण्यानुमोदनाचं, वर बुद्धाचं चित्र छापलेलं कार्ड पडलं होतं. असं कार्ड कोणाच्या घरी छापतात, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही कळतं. त्याने ते दोनदा वाचलं. मग खिशातून रुमाल काढला, गडव्याच्या गळ्याला गुंडाळला आणि रुमालाला धरून गडवा उचलला. चहा मागवला होता. "घाई हाय," म्हणाला, आणि गेला.

त्यानंतर म्हातारीचा फोन आला नाही. मी केला, तर कोणी उचलला नाही.

चौथ्या दिवशी गजेंद्र दारात उभा. आत आला नाही. पायरीवर टॉवेल ठेवला आणि उलगडला. गडव्याचे दोन तुकडे, काळेनिळे पडलेले, कथलाचे गोळे आत थिजलेले, दात्यांत गोवरीची राख.

"डाग कच्चा निघाला तुमचा," तो म्हणाला.

चोराच्या उलट्या बोंबा! माझं डोकं फिरलं. "आगीत घातलात?"

"थोडासाच धरला गोवऱ्यावर."

"काहून? मी सांगितलं होतं ना?"

मी पायरीवर बसले आणि तुकडे मांडीवर घेतले. ही रीत मला काही नवी नव्हती. वडील सांगायचे, त्यांच्या लहानपणी मालकाच्या भांड्याला आमच्यातल्या कोणाचा हात लागला की भांडं आधी विस्तवातून काढायचे, मग घरात न्यायचे. वडील हे हसत सांगायचे. मला हसू आलं नाही.

"कोणी सांगितलं घालायला? तुम्ही?"

"आईनं," गजेंद्र म्हणाला. "मी तिले सांगतलं तुमी कोन ते. सांगा लागते ना, तिचा धरम हाय. ते म्हने, आंधी आगीतून काढा." मग त्याचा आवाज उतरला. "दोन दिवस झाले, पानी घेतलं नाई तिनं. कापूस ओला करून ओठाले लावून राहिलो. ते गडव्याचंच नाव घेते. काई करा, ताई. तुमी म्हनसान ते."

ताई म्हणाला. गरज पडली की नाती कशी सुचतात!

"जोडून देते," मी म्हणाले. "पण इथे नाही. तुमच्या अंगणात जोडीन, सगळ्यांसमोर. आणि पहिलं पाणी त्या बोलल्या तसं माझ्या हातून पितील. कबूल असेल तर गाडी काढा."

त्याने पायरीवरचा टॉवेल उचलून झटकला. मग म्हणाला, "चला."

हिवरखेडला पोचलो तेव्हा दुपार होती. अंगणात निंबाच्या सावलीत खाट आणून ठेवली होती. गजेंद्रची बायको चंदा सासूच्या उशाशी बसून वारा घालत होती. भिंतीपाशी आठ-दहा शेजारी, बाया-बाप्ये, लग्नाला आल्यासारखे. मला बसायला कोणी काही दिलं नाही. मी माझं पोतं अंथरलं, गॅसची बत्ती काढली आणि कामाला लागले.

जळलेला पत्रा आणखी पातळ झाला होता. दोनदा वाटलं, जमत नाही. पण रागात माझा हात जास्त स्थिर असतो. दात्यांतली राख कोरून काढली, पट्टी पुन्हा बसवली, कथील फिरवलं. नवसागराचा पांढरा धूर उठला, तशी भिंतीपाशी कोणीतरी खोकलं. दीड तासाने मी गडव्यात पाणी भरलं आणि बाहेरून कोरड्या कापडाने पुसून पाहिलं. एक थेंब गळत नव्हता.

"झाला का वं?" खाटेवरून आवाज आला. तोच आवाज, तीच माया.

"झाला, आजी."

मी उठले. मी एक हात म्हातारीच्या मानेखाली घातला आणि दुसऱ्या हाताने गडव्याची कड तिच्या ओठाला लावली. ती तोंड मिटून घेईल असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर तशी तयारी करूनच मी आले होते.

पण ती प्यायली. घोट घोट, डोळे मिटून, मधेच थांबून, पुन्हा प्यायली. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी मी माझ्या ओढणीने टिपलं. चंदा रडायला लागली. मलाही भरून आलं. सगळा राग गेला, एका क्षणात गेला. वाटलं, एवढंच तर हवं होतं मला.

म्हातारीने चाचपडत माझं मनगट धरलं. "गुन हाय वं तुह्या हाताले. मायच आली होती आता माह्यापाशी." मग मनगट तसंच धरून तिने तोंड फिरवलं. "गजेंद्र! घेऊन जाय हा गडवा, अन् आगीतून काढून आन. रातच्या पान्याले लागन मले."

गजेंद्र चाचरला. "आई, तो फुटते आगीत. मांगच्या खेपीले—"

"फुटला त फुटला. हे पोरगी हाय ना, आनखी जोडून देईन. तिचं कामच हाय ते." आणि मला म्हणाली, अगदी लाडाने, "देशीन ना वं?"

ती मला चिडवत नव्हती. तिला यात काही वावगं दिसतच नव्हतं. तिने माझा हात थोपटला आणि त्याच हाताचा विटाळ आगीत धुवायला सांगितला, आणि दोन्ही गोष्टी तिच्या मनात शेजारी शेजारी सुखाने बसल्या होत्या. ती दुष्ट असती तर मी शिव्या देऊन निघून गेले असते. पण एवढी माया आणि एवढा विटाळ एकाच तोंडातून ऐकला आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मी मनगट सोडवून घेतलं. "गजेंद्रभाऊंना कशाला तकलीफ, आजी? मीच दाखवते आग."

गडव्यातलं उरलेलं पाणी मी निंबाच्या बुडाशी ओतलं आणि बत्ती पेटवली. चंदा उठून आली आणि हलकेच म्हणाली, "ताई, नका ना करू. आत नेतो आमी अन् तसाच परत आनतो, त्यायले दिसत नाई." बिचारी शहाणी होती. तिचं ऐकलं असतं तर सगळं निभावलं असतं. म्हातारी त्या गडव्यातून पाणी पीत सुखाने मेली असती, आणि कोणाचं काही बिघडलं नसतं.

माझं बिघडलं असतं.

जोडावर ज्योत फिरवायला मिनिटसुद्धा लागलं नाही. कथील आधी ओलसर चमकलं, मग थेंब थेंब मातीत पडलं. तीन दिवस आणि वर दीड तास. खालचा अर्धा माझ्या चिमट्यात राहिला, वरचा गळून पोत्यावर पडला. शेजाऱ्यांपैकी एक बाई "अवं माय!" म्हणाली. मी दोन्ही तुकडे निवू दिले आणि म्हातारीच्या छातीवर नेऊन ठेवले.

"घ्या, आजी. शुद्ध झाला."

तिने बोटांनी चाचपून पाहिलं. एका हातात खालचा, एका हातात वरचा. ती घाबरली नाही, नुसती हसली. "फुटला वाट्टे. बरं, आता जोड."

"नाही जोडणार."

"काहून वं? रागवली?"

मी बत्ती उचलली. हत्यारं पोत्यात भरली. गजेंद्र माझ्यामागे फाटकापर्यंत आला. मागे खाटेवरून हाक येत राहिली. "पोरी! वं पोरी! जोडून दे ना वं माय!" आवाज लहान मुलासारखा झाला होता. फाटकापाशी मी थांबले, हे खोटं सांगणार नाही. मग कडी काढली आणि तेल्हाऱ्याच्या रस्त्याला लागले.

सहाव्या दिवशी चंदाचा फोन आला. म्हातारी सकाळी गेली. शेवटपर्यंत तिने स्टीलच्या गिलासाला तोंड लावलं नाही. दोन्ही तुकडे पोटावर धरून पडून असायची, एकावर एक ठेवून पाहायची, आणि कोणी घरात आलं की विचारायची, भांडेवाली आली का?

"तुमी आल्या असत्या त..." चंदा म्हणाली.

मी म्हणाले, मला कळवलंत ते बरं केलंत. फोन ठेवला आणि समोरचा बंब ओढून घेतला. त्या दिवशी माझ्याकडून एकही डाग सरळ बसला नाही. मला वाईट वाटत होतं, फार वाटत होतं. पण त्या अंगणात कथील गळताना मला जे बरं वाटलं होतं, ते या वाईट वाटण्याने अजूनही पुसलं जात नाही.