पाळीची पेटी

"कोनं फिरवलं हे बटन?" स्टार्टरचं झाकण उघडून रंगराव मिस्त्रींनी विचारलं.

जनकाबाई कपाशीच्या ओळीत पाठमोरी उभी होती. "मीच फिरवलं, भाऊ. समद्यायनं फिरवलं. मी एकटीनं काऊन मागं राहाव?"

बटण शून्यावर होतं. जानेफळच्या त्या शिवारात सगळ्यांचीच बटणं शून्यावर होती, आणि म्हणूनच डीपी, म्हणजे शिवाराचा ट्रान्सफॉर्मर, दुसऱ्यांदा जळाली होती. लाईन आली की मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून प्रत्येकानं ऑटो बसवलेला. सगळ्या मोटारी एकदम उठल्या की डीपी बसते, म्हणून रंगरावांनी प्रत्येक स्टार्टरमध्ये छोटा टायमर घातला होता. एकीनं आधी उठायचं, बाकीच्यांनी थोडं थोडं थांबायचं; किती थांबायचं ते टायमरच्या बटणावर. डोकं मिस्त्रींचं, पण बटण मालकाच्या हाताशी. पहिलं पाणी आपल्याला, एवढं कळायला कुणाला शाळेत जावं लागत नाही.

कपाशी बोंडं भरायला लागली होती. बीटी बियाण्याच्या पाकिटावर कापूस पांढराशुभ्र असतो. कपाशीची तहान किती ते पाकिटावर नसतं. बोंडअळीनं आधीच नाकी नऊ आणले होते. आता बसवलेली नवी डीपी कशीबशी मिळाली होती, तीही गेली तर यंदाचं पीक गेलंच. टायमर आपले आणि डीपी जळते, याची रंगरावांना मनापासून लाज वाटत होती.

दुपारी ते घरी आले तेव्हा गोकुळ लॅपटॉपसमोर बसला होता. त्यांचा हा मुलगा पुण्याच्या कंपनीचं काम गावात राहून करायचा. गावाच्या लेखी तो कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, आणि गाव अगदीच चुकत नव्हतं. फक्त तो दुरुस्त करायचा ते आतला गाभा, कर्नल. पडद्यावर ओळीच्या ओळी लाल झाल्या होत्या.

"लाल काऊन झालं बे? बिघडलं काय?"

"नाही बाबा, काढून टाकून राह्यलो. कॅमेरा असो का वायफाय, हरेकाले चालवनारा एक प्रोग्राम असते, ड्रायव्हर. यंत्र कवा झोपवाचं, कवा उठवाचं, हे हरेक ड्रायव्हर आपलं आपलं ठरवते. एकच गोष्ट धा जागी लिहेल, अन् धा जागी चुकेल. एखादं यंत्र झोपतच नाही अन् बॅटरी खाऊन टाकते. आता ते समदं गाभ्यात नेऊन राह्यलो. ड्रायव्हरनं फक्त सांगाचं, माह्यं काम झालं. पुढचं गाभा पाहीन."

"अन् हे लाल कोनं लिहेल हाय?"

"मीच. नोकरीले लागलो तवा, पह्यलंच."

"मंग वाईट नाही वाटत तुले?"

"वाटते ना. काल दिवसभर हातच नाही लावला. पन ठेवता येत नाही, बाबा. दोन जागी दोन हुकूम होतात."

रंगराव पडद्याकडे बघत राहिले. डीपीजवळ एकच पेटी बसवली आणि तिनंच एकेका मोटारीची लाईन सोडली तर? जमण्यासारखं होतं. पण मग लाईन आल्या आल्या येणारे ते फोन बंद होणार होते: 'मिस्त्री, मोटर उठून नाही राह्यली!' बायको गेल्यापासून त्या फोनांवरच त्यांचा दिवस जायचा. पेटी बसली की मिस्त्री संपला, हे त्यांना पेटीचा पहिला स्क्रू पिळायच्या आधीच कळलं होतं.

तरी त्यांनी ती बनवली. लाईनमनला दाखवून डीपीच्या खांबाला बसवली.

"पह्यली पाळी कोनाची?" उत्तमरावांनी विचारलं. त्या डीपीवर सगळ्यात मोठं वावर त्यांचं.

"उद्या तुमची. परवा बाजूच्याची. रोज एक वावर पुढं सरकन."

"अन् पेटीची किल्ली?"

"लाईनमनपाशी. माह्यापाशीसुदा नाही."

मग ते वावरावावरांत फिरून आपले टायमर काढू लागले. कितीतरी उन्हाळ्यांचं काम एका कापडी पिशवीत मावलं. शेवटी जनकाबाईचं वावर.

"हा राहू द्या ना, भाऊ. तुमच्या हातचा हाय."

"ठेवता येत नाही, जनकाबाई," रंगराव म्हणाले. "दोन जागी दोन हुकूम होतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी लाईन आली. पहिली मोटार उठली, मग दुसरी, मग पलीकडच्या वावरातली. डीपी नुसती गुणगुणत राहिली. जो तो आपापल्या पाण्याकडे धावला. डीपीखाली उभ्या मिस्त्रींकडे कुणी वळून पाहिलं नाही, आणि त्यात कुणाची चूकही नव्हती. ते घरी येऊन ओट्यावर बसले.

फोन वाजला. रंगरावांनी आधी पकड उचलली, मग फोन. चपला पायात सरकवतच त्यांनी तो कानाला लावला.

"भाऊ, मी जनकाबाई. मोटर उठली."

"उठली?"

"हाव. आपोआप. पानी पोचलं कपाशीले."

"मंग फोन कायले केला?"

"लाईन आली का तुमाले फोन लावाची सवय हाय ना. लागला."

"बरं केलं," रंगराव म्हणाले. मग विचारलं, "काही बिघाड नाही ना?"

"नाही ना. काहीच नाही."

फोन ठेवून त्यांनी पकड परत हत्यारांच्या पिशवीत टाकली. चपला मात्र काढल्या नाहीत. तसेच बसून राहिले.