बेकरीवाल्याची लाकडी फ्रेम

लाकडी चष्म्यांचं ते दुकान दोघी बहिणी चालवायच्या. धाकटी पुढे काउंटरवर, थोरली पडद्यामागे कामाच्या टेबलाशी. धाकटीचं तोंड दिवसभर चालू असायचं म्हणून गल्लीने तिला टकळी नाव ठेवलं होतं आणि थोरलीला घुमी. दोघींनाही ते माहीत होतं. टकळी तर गिऱ्हाइकाला स्वतःच सांगायची, "फ्रेम घुमीची, बडबड माझी. बडबड फुकट."

टकळी वारली त्याला महिना होऊन गेला होता. साधा ताप आला, डोक्यात गेला आणि बघता बघता सगळं आटोपलं. घुमी रडली नव्हती. नातेवाईक म्हणाले, आत कोंडून ठेवतेय, एक दिवस बांध फुटेल. तिला आत काही कोंडल्यासारखं वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं सगळंच झालं होतं.

ती रोज दुकान उघडायची, कारण टेबलावर अर्धवट फ्रेम पडल्या होत्या. अक्रोडाच्या लाकडाचे कागदासारखे पातळ पापुद्रे, एकाचे तंतू उभे, पुढच्याचे आडवे, असे चिकटवून साच्यात दाबायचे. वाळले की बारीक करवतीने आकार कापायचा, काचेसाठी आतून खाच घ्यायची आणि मग घासत बसायचं. हात आपोआप चालत होते.

लाकूड प्लॅस्टिकसारखं गरम करून वाकवता येत नाही. नाकाशी बोचलं तर घासावं लागतं, आणि जास्त घासलं गेलं तर परत भरता येत नाही. म्हणून मापाला जपायचं. मापं टकळी घ्यायची आणि पडद्यातून डोकं आत घालून सांगायची, "ताई, याचा डावा कान खाली आहे हं. नाक कधीतरी मोडलंय, मधे उंचवटा आहे." अशी कितीतरी नाकं आणि कान घुमीला पाठ होते. तोंडं बघायची तिला कधी गरज पडली नव्हती.

तो डावा कान आणि ते मोडकं नाक बेकरीवाल्याचं होतं. एका दुपारी तो पिठाच्या एप्रनसकट दुकानात आला. दाराची घंटी वाजली तशी घुमी पडदा सारून बाहेर आली.

"माझी फ्रेम झाली का? भट्टीपाशी धातूची फार तापते हो. कानामागे चटके बसतात. धाकट्या बाई म्हणाल्या, लाकडाची घ्या." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "त्या कुठेत?"

"गेली," घुमी म्हणाली.

"बरं बरं. मी थांबतो. त्यांनीच घालून दिलेली बरी."

आणि तो स्टुलावर बसला.

सांगावं, असं घुमीला वाटलं. पण त्यासाठी अजून एक शब्द बोलावा लागणार होता आणि तो तोंडाशी येईना. ती आत गेली. काचा बसवून फ्रेम तयार होती, तरी तिने पुन्हा तेलाचं फडकं फिरवलं. बाहेर बेकरीवाला पडद्याशीच बोलत होता.

"मागच्या वेळी त्या काय म्हणाल्या माहितीये? म्हणाल्या, असलं नाक मिळालं की आमची ताई खूश असते. मी म्हटलं, या नाकाचं कौतुक पहिल्यांदाच ऐकतोय."

घुमीचा हात थांबला. हसू आलं नाही, रडूही नाही. हा माणूस असाच संध्याकाळपर्यंत बसून राहील, एवढं मात्र तिला कळलं. ती फ्रेम घेऊन बाहेर आली.

"ती यायची नाही. वारली. गेली म्हणजे तशी गेली."

बेकरीवाला उठून उभा राहिला. हातांचं काय करावं सुचेना, तसा तो ते एप्रनला पुसत राहिला. "मला माहीतच नव्हतं हो. मी आपला वेड्यासारखा वाट बघत बसलो."

"मीच नीट सांगितलं नाही. बसा. फ्रेम बघू."

इतक्या वर्षांत तिने कुणाच्या चेहऱ्यावर चष्मा चढवला नव्हता. दांड्या कानांमागे सरकवताना बोटांना त्याची कातडी लागली. फ्रेम उजवीकडे नाकावर टेकत होती, डावीकडे किंचित अधांतरी होती. तिने ती काढली, बारीक सँडपेपरचा हात फिरवला, परत चढवली. पुन्हा काढली. बेकरीवाल्याचे डोळे वाहत होते. तिने फडकं पुढे केलं. आपल्या बहिणीसाठी परका माणूस रडतोय आणि आपण त्याचं नाक तपासतोय, हे तिला लांबून बघावं तसं दिसत होतं.

"मान हलवा. आता खाली बघा."

फ्रेम जागची हलली नाही.

"घातल्यासारखी वाटतच नाही," तो म्हणाला.

संध्याकाळी कुलूप लावताना तिला आठवलं, पाण्याचं सांगायचं राहिलं. लाकडी फ्रेम नळाखाली धरली की पापुद्रे सुटायला लागतात. टकळी हे प्रत्येकाला दारापर्यंत जाऊन बजावायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी घुमी बेकरीत गेली. चष्मा लावून तो भट्टीसमोर उभा होता.

"धुऊ नका तो," ती दारातूनच म्हणाली. "कोरड्या फडक्याने पुसायचा. काल सांगायचं राहिलं."

"एवढ्यासाठी आलात?"

"हो."

"सकाळपासून चटका बसला नाही," तो म्हणाला. पिठाच्या एका पोत्यावर फडकं टाकून त्याने तिला बसायला जागा केली आणि हातात पाव दिला. तिने तो खाल्ला. चव लागली नाही, पण पाव गरम होता, ते हातांना कळत होतं. तो भट्टीतून पाव काढत राहिला आणि टकळी एकदा मापं घेताना कशी अख्खी दुपार बोलत बसली होती, ते सांगू लागला. घुमी ऐकत बसली. त्या दिवशी दुकान उघडायला उशीर झाला.