नरसय्याचा ताणा

खळ लावलेल्या ताण्याच्या उभ्या धाग्यांपैकी कडेचे आधी वाळतात. मधल्या धाग्यांना शेजारच्यांचा ओलावा मिळतो, कडेच्यांना वारा एका बाजूनं उघडा लागतो. चैत्रातल्या सोलापुरात हा फरक काही मिनिटांचाच असतो. तेवढ्यात कुंच्यानं धागे सुटे केले नाहीत तर ते एकमेकांना चिकटून बसतात, आणि मग तो ताणा मागावर चढत नाही.

म्हणून आमच्या विणकरांच्या वस्तीत एक रीत होती. ताणा गल्लीभर पसरायचा. त्याचं एक टोक आमच्या दारात असे, दुसरं सिद्धलिंगप्पाकाकांच्या पायऱ्यांशी. ताणा कुणाचाही असो, खळ लागली की घरटी एक माणूस कुंचा घेऊन खाली उतरायचा. कुणाला बोलवावं लागत नसे.

माझे वडील वीरभद्रप्पा, म्हणजे आमचे अप्पा, आणि काका, दोघे सुताचे व्यापारी आणि लहानपणचे मित्र. माझी आई गेल्यावर मी कितीतरी दिवस काकांच्या घरी निंगव्वाकाकूंच्या हातचंच जेवले. मी विज्ञान शिकायला पुण्याला निघाले तेव्हा समाजातल्या लोकांशी भांडले ते काका. अप्पा मागेच उभे होते. आज मी मुलींच्या शाळेत शिकवते ती त्या भांडणामुळे.

गेल्या, म्हणजे तीस सालच्या, उन्हाळ्यात शहरात गोळीबार झाला, लष्करी कायदा आला. पांढरी गांधी टोपी घालून बाहेर पडायला माणसं धजेनात. कायदा उठला तसं काकांनी आपल्या विलायती सुताच्या गठ्ठ्यांना काँग्रेसचं सील लावून घेतलं, म्हणजे ते सूत विकणं बंद केलं. अप्पांनी लावलं नाही. बारीक सूत विलायतीच येतं आणि त्यावर गल्लीतली निम्मी घरं जगतात, असं ते म्हणत. ते खरं होतं. पोलिसांच्या यादीत नाव चढेल ही भीतीही खरी होती. कुणी विचारलं की ते "बघू" म्हणत. वर्षभर ते बघतच राहिले.

गल्लीचे दोन भाग पडले. देशी सूतवाले विलायती सूतवाल्यांच्या ताण्याला हात लावीनात. दोन्हीकडचे लोक माझ्याकडे धागे घेऊन येत, शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली बघून देशी की विलायती ते सांग म्हणत. कापसाचा तंतू पिळलेल्या फितीसारखा दिसतो. तो कुठल्या गिरणीत कातला ते दिसत नाही. दोन्ही पक्ष नाराज होऊन परत जात.

आमच्या दुकानापुढे गिऱ्हाइकांना अडवायला पिकेटिंग सुरू झालं. एके दिवशी निंगव्वाकाकूही येऊन बसल्या. ऊन चढल्यावर त्यांनी मला हळूच हाक मारून पाणी मागितलं.

"तुझ्या बापाला सांगू नको," त्या म्हणाल्या. "आन त्याला जेवताना ताक देत जा. पित्त वाढलंय त्याचं, तोंडावर दिसतंय."

अशात एका सकाळी गल्लीतल्या नरसय्या विणकरानं ताणा पसरला. सूत आमच्या दुकानातलं, काम लग्नसराईच्या साड्यांचं. हा ताणा गेला तर त्याचा हंगाम गेला. त्यानं एक चूक केली. कुणाला न विचारता, जुन्या रीतीच्या भरवशावर, सबंध ताण्याला खळ लावून टाकली. मग कुंचा हातात धरून तो दारादारांकडे बघत राहिला. कुणी उतरलं नाही; विलायती सूतवालेही पिकेटिंगच्या धाकानं आतच राहिले. त्याची बायको होती, तो होता, आणि शाळेला निघालेली मी पिशवी ठेवून तिसरी झाले.

काकांच्या पायऱ्यांवर पांढऱ्या टोप्यांची रांग बसली होती.

"सूत विलायती, तर माणसंबी विलायतेतनं बोलवा की," त्यातला एक म्हणाला. बाकीचे हसले. नरसय्या वाकून धागे सोडवत राहिला.

अप्पा उंबऱ्यात उभे होते. आपण उतरलो तर समोरचे उठून आत जातील आणि उरलीसुरली आशाही जाईल, असं त्यांना वाटत असावं. वारा सुटला. कडेचे धागे पांढरट दिसू लागले.

तेव्हा काका उठले. टोपी काढून त्यांनी निंगव्वाकाकूंच्या हातात दिली आणि धोतर वर खोचलं. मघाच्याच माणसानं त्यांना आठवण करून दिली, की विलायती सुताला हात लावणार नाही अशी शपथ सगळ्यांनी घेतली आहे.

"व्हय, घेतलीय," काका म्हणाले. "सूत विलायती हाय. नरसय्या हितलाच हाय की."

आणि त्यांनी कुंचा मागितला.

मग एकेक करून पायऱ्या रिकाम्या झाल्या. टोमणा मारणारा माझ्याशेजारीच येऊन उभा राहिला आणि मला म्हणाला, "बाई, जरा हलक्या हातानं. फळा पुसताय काय?" मला हसू आलं, आणि डोळेही भरून आले. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुंचे फिरत होते. निंगव्वाकाकू एका हातात टोपी धरून दुसऱ्या हातानं धागे सोडवत होत्या. या सगळ्यांचे आभार कसे मानावेत ते मला कळेना. मी हात हलका केला.

ताणा वाचला. नरसय्या काकांच्या पाया पडायला वाकला तर काकांनी त्याला दटावलं, आधी ताणा उचल म्हणाले.

काकांचे हात कोपरापर्यंत खळीनं माखले होते. अप्पा तांब्या घेऊन उंबऱ्याबाहेर आले आणि त्यांच्या हातांवर पाणी ओतू लागले. वर्षभरात दोघं इतके जवळ उभे राहिले नव्हते. काकांनी सीलबद्दल अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर अप्पा "बघू" म्हणाले असते, हे मला ठाऊक होतं. काकांनाही असावं. ते नखांतली खळ काढत राहिले.

"सिद्धा," अप्पा म्हणाले, गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल असं, "देशी बारीक सूत कुठं मिळतं ते आपण दोघं मिळून शोधू. उद्या माणसं पाठव. माझ्या गठ्ठ्यांना सील लाव."