सपाट जागा

शार्शेन मातीत गुडघे टेकून बसला आणि त्याने चाकाच्या खुणेत बोटं घातली. खूण खोल होती, कडा सुरीने कापल्यासारख्या नीट होत्या. जोमार्तच्या अंगणातून निघून ती कुठेही न वळता, कुठेही न घसरता थेट कुंपणाशी आली होती. कुंपणाचा मधला भाग आडवा झाला होता आणि फळ्यांखाली सफरचंदाच्या सहा कलमांपैकी एक बुंध्यातून मोडून पडलं होतं.

“ब्रेक लागले नाहीत, आके,” जोमार्त म्हणाला. तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला टेकून उभा होता. टोपी काढून त्याने हातात घेतली होती.

“ब्रेक लागले नाहीत.”

“हो ना.”

“चढावर?” शार्शेनने वर न बघताच विचारलं. “चढावर ब्रेक गेले तर गाडी खाली तळ्याकडे जाते रे. वर चढून माझं कुंपण पाडत नाही.”

जोमार्तने टोपी परत डोक्यावर चढवली. त्याचे कान मात्र लाल झाले.

शार्शेनने तीस वर्षं घाटातून बस चालवली होती. बर्फात, चिखलात, प्यायलेल्या पाहुण्यांनी भरलेली. कोणती खूण घाबरलेल्या ड्रायव्हरची आणि कोणती सावकाश, जपून, मागे बघत बघत गाडी घेणाऱ्याची, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. ही दुसरी होती. म्हणजे मुद्दाम. शेजाऱ्याने दिवसाढवळ्या, शांत डोक्याने कुंपण पाडलं होतं आणि वर ब्रेकचं सांगत होता. पडलेल्या फळ्यांपेक्षा त्याला हेच जास्त लागलं.

आणि कलम. त्याच्या वडिलांच्या अंगणात सफरचंदाचं एक झाड होतं. भावाने ते घर विकलं आणि नव्या मालकाने मोटारीसाठी जागा करायला झाड तोडलं. तोडायच्या आदल्या आठवड्यात शार्शेन जाऊन ओल्या फडक्यात चार डहाळ्या गुंडाळून घेऊन आला होता. त्यांची ही सहा कलमं. पोटच्या पोरांना त्याने एवढं जपलं नव्हतं, असं त्याची बायको बुरुल सगळ्यांना सांगायची, आणि ते खोटं नव्हतं.

“पाच राहिली की,” संध्याकाळी बुरुल म्हणाली. “पाच झाडांची सफरचंदं तरी कोण खाणार आहे आपल्याकडे?”

“प्रश्न सफरचंदांचा नाही.”

“मग कशाचा?”

“त्याने मुद्दाम केलंय.”

“अहो, जोमार्त? आपल्या गाईला वासरू अडलं तेव्हा रात्रभर कोपरापर्यंत हात घालून बसला होता तो. तो मुद्दाम करेल?”

“तेच तर म्हणतोय मी,” शार्शेन म्हणाला आणि चहाची वाटी उपडी घातली.

दुसऱ्या दिवशी तो इदिरिसकडे गेला. गावातल्या पंच म्हाताऱ्यांमध्ये इदिरिस सर्वांत जाणता. भांडण ऐकून घ्यायची त्याची पद्धत अशी, की तो आधी जागा बघायचा आणि मग माणसं. कलपाक टोपी डोक्यावर नीट बसवून तो शार्शेनबरोबर आला, चाकांच्या खुणांवरून चालत गेला, पडलेल्या कुंपणाच्या मधोमध उभा राहिला, एकदा डोंगराकडे आणि एकदा तळ्याकडे बघितलं. मग जोमार्तच्या ओसरीवर जाऊन बसला.

ओसरीवर कालिचा आपा होती, जोमार्तची आई. हिवाळ्यात काराकोल शहरातल्या डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं, तेव्हापासून तिचं अंथरूण दिवसभर तिथेच असायचं. शरीर अगदी काटकुळं झालं होतं, पण जीभ जशीच्या तशी होती.

“या, पंच, या,” ती म्हणाली. “माझ्या मुलाला फाशी देणार असाल तर आधी गवत आत घेऊ दे त्याला.”

“फाशी नाही, आपा. कुंपण,” इदिरिस म्हणाला.

“कुंपणच ना? मग एवढं मोठं तोंड करून का आलाय हा शार्शेन?”

चहा आला, नान आला, सायीची वाटी आली. शार्शेनने आपलं म्हणणं मांडलं. थोडक्यातच मांडणार होता, पण बोलता बोलता वडिलांच्या झाडापर्यंत गेला आणि तिथे थांबला. मग म्हणाला, “फळ्या मीही ठोकू शकतो. मला फक्त त्याने कबूल करायला हवं. मुद्दाम केलं, एवढंच म्हण. का केलंस तेही नको सांगूस.”

इदिरिसने जोमार्तकडे बघितलं. जोमार्त नानचा तुकडा हातात फिरवत होता.

“ब्रेक लागले नाहीत,” तो म्हणाला.

शार्शेन उठलाच असता, पण इदिरिसने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग म्हातारा बराच वेळ त्या मोकळ्या झालेल्या जागेकडे बघत राहिला. तिथून त्याची नजर ओसरीवरच्या अंथरुणाकडे आली आणि लगेच दुसरीकडे गेली.

“कुंपण जोमार्त बांधेल,” तो म्हणाला. “लाकूड त्याचं, मेहनत त्याची, गवताची दुसरी कापणी व्हायच्या आत. शार्शेन, तू मध्ये बोलायचं नाहीस. नुसतं बघायचंस.”

“आणि कबुली?”

“चहा पी.”

हा कसला निवाडा, असं शार्शेन घरी जाऊन म्हणाला. इदिरिस म्हातारा झाला. पूर्वीचा इदिरिस असता तर ताकास तूर लागू न देणाऱ्या त्या माणसाकडून दोन वाक्यांत सत्य काढून घेतलं असतं. बुरुलने मान डोलावली आणि जॅमसाठी जर्दाळूच्या बिया काढत राहिली.

जोमार्तने कुंपण बांधलं. शार्शेन खिडकीतून बघत होता. बोलायचं नव्हतं, पण बघायला बंदी नव्हती. फळ्या चांगल्या होत्या, पोपलरच्या नव्हे, चिडाच्या. पण कामाची रीत त्याला काही केल्या पसंत पडेना. जोमार्तने खांब जमिनीत गाडले नाहीत. आधी लोखंडी नळ्यांचे तुकडे पुरले आणि खांब त्यांच्यात नुसते उभे केले. फळ्याही खिळ्यांनी न ठोकता खांबांना आकडे लावून त्यांवर अडकवल्या. चार दिवस शार्शेनने तोंड बंद ठेवलं.

पाचव्या दिवशी खालून तळ्यावरचा वारा सुटला. कुंपण खडखडायला लागलं तसा तो बाहेर गेला आणि त्याने एका फळीला हात घातला. फळी उचलल्याबरोबर निघाली. दुसरी निघाली. त्याने खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून वर ओढलं, तर खांबही बाटलीचं बूच निघावं तसा नळीतून सुटून हातात आला. शार्शेनच्या डोक्यात तिडीक गेली. असं कुंपण शेळीसुद्धा शिंगाने काढेल. पहिलं मुद्दाम पाडलं आणि हे मुद्दाम असं बांधलं. त्याने रागारागात पुढची फळी काढली, तिच्या पुढची काढली, खांब उपटून गवतावर टाकले. जिथे जुनं कुंपण सुरू होत होतं तिथे खांब हलेना. तो मागे वळला आणि दुसऱ्या बाजूने काढत गेला. तिकडेही जुन्या खांबाशी येऊन हात थांबले.

मधली जागा मोकळी झाली होती. आता थेट पलीकडे जाऊन जोमार्तची मानगूट धरायची, म्हणून त्याने तावातावाने दोन पावलं टाकली आणि मध्येच उभा राहिला.

पायांखालची जमीन सपाट होती.

या गावात सपाट जमीन कुठे आहे? सगळं गाव डोंगरावरून तळ्याकडे उतरत गेलेलं. जोमार्तच्या अंगणात तर घर, गोठा, गवताची गंजी आणि उरलेला सगळा उतार. अर्धी त्याची आणि अर्धी शार्शेनची अशी ही एवढीच जागा काय ती सरळ. शार्शेन याआधीही या जागेवर असाच उभा राहिला होता. तेव्हा मध्ये कुंपण नव्हतं, नुसता पाण्याचा पाट होता, आणि त्यावर फळ्या टाकल्या होत्या. कालिचा आपाचा नवरा पहाटे गेला होता आणि दुपारच्या आत मृताला ठेवायची युर्त, लोकरीच्या नमद्यांचा तो गोल तंबू, उभी राहायला हवी होती. माणसं जाळीच्या भिंती उलगडत होती, बायका नमदे झटकत होत्या. शार्शेन उंच, म्हणून छताचं लाकडी कडं काठीवर तोलून धरायला त्याला मधोमध उभं केलं होतं. अगदी इथेच. हात भरून आले तरी त्याने कडं हलू दिलं नव्हतं. मग मृताला आत नेलं, आतून बायकांचं रडणं सुरू झालं आणि बाहेर, दाराशी, नुकताच सैन्यातून परतलेला जोमार्त काठीला टेकून बापाच्या नावाने रडत उभा राहिला.

पुढे आपाच्या शेळ्यांनी कोबी खाल्ला, म्हणून शार्शेनने कुंपण घातलं. तेव्हा कुणीच काही म्हणालं नव्हतं.

आपल्याच अंगणातून, आपल्याच युर्तीतून निघायचं असतं माणसाला. आणि आई जिवंत असताना तिच्या युर्तीसाठी जागा मागायची कोणत्या तोंडाने? मागितली की बोलावणंच धाडल्यासारखं. जोमार्तच्या जागी तो असता तर त्याचेही ब्रेक लागले नसते.

शार्शेनला स्वतःची लाज वाटली. चार दिवस खिडकीत बसून मनातल्या मनात दिलेल्या शिव्या त्याला एकेक करून आठवल्या. हातात अजूनही एक फळी होती, ती त्याने हळूच खाली ठेवली.

“शार्शेन,” ओसरीवरून हाक आली. “चोरी करतोयस की काय?”

कालिचा आपा उशीला टेकून त्याच्याकडे बघत होती. किती वेळ बघत होती कोण जाणे. जोमार्त घरी नव्हता, खाली कुरणात गेला होता.

“वारा होता, आपा. म्हटलं, बघावं पक्कं बांधलंय की नाही.”

“मग? पक्कं आहे?”

“उत्तम आहे,” शार्शेन म्हणाला.

“ये. नान तोंडात घालून जा. तसाच जाऊ नकोस.”

तो ओसरीच्या कडेला बसला, नानचा तुकडा मोडून खाल्ला. दोघांनी समोर बघितलं. कुंपणातल्या मोकळ्या जागेतून त्याच्या बागेतली पाच कलमं एका ओळीत दिसत होती.

“ब्रेक बिघडलाय म्हणे त्याच्या ट्रॅक्टरचा,” आपा म्हणाली.

“हो. मला म्हणाला तो.”

“बापावर गेलाय. खोटं बोलला की कान लाल होतात.”

शार्शेनने दुसरा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही.

“ती तुझी झाडं,” आपाने हनुवटीने दाखवलं, “कधी धरतील?”

“तीन वर्षं. फार तर चार.”

“मग मला काही मिळत नाही त्यातलं.”

“मिळेल की, आपा. पहिली टोपली तुमचीच.”

कालिचा आपा हसली. हसता हसता खोकला आला, तो ओसरेपर्यंत थांबली.

“तूही खोटंच बोलतोस,” ती म्हणाली. “तुझे कान लाल होत नाहीत, एवढंच.”

शार्शेनला तिच्याकडे बघवेना. नानचा तुकडा त्याने तोंडात टाकला आणि उगाच बराच वेळ चावत राहिला. मग उठला, सगळे खांब नळ्यांमध्ये परत उभे केले, फळ्या आकड्यांवर अडकवल्या. एक आकडा जरा घट्ट बसत होता, तो घरून तेलाचा डबा आणून सैल केला.

जर्दाळूची पानं गळून गेल्यावर, पहिलं हिम पडायच्या सुमाराला, त्याने कलमं उकरायला घेतली. मुळं तुटू नयेत म्हणून भोवतालच्या मातीच्या गोळ्यासकट काढायची, गोणपाटात बांधायची आणि घरामागच्या उतारावर नवा खड्डा करून लावायची. एकट्याचं काम नव्हतं. बुरुल दारात येऊन उभी राहिली.

“चांगली रुजली होती की इथे.”

“पाणी साचतं या जागेत.”

“सपाट जागेत पाणी साचतं आणि उतारावर राहतं, असं का?”

“झाडं माझी आहेत ना?”

बुरुलने कुंपणाकडे बघितलं, मग पलीकडच्या ओसरीकडे. तिथे आपाचं अंथरूण आता दुपारचंच बाहेर यायचं, तेही दोघांनी धरून. तिने पुढे काही विचारलं नाही. आत जाऊन चहा टाकला आणि नेहमीपेक्षा दोन वाट्या जास्त काढल्या.

कुंपणाची एक फळी पलीकडून उचलली गेली. मग दुसरी. जोमार्त फावडं घेऊन आत आला. उकरलेल्या खड्ड्यांकडे त्याने बघितलं, गोणपाटात बांधलेल्या कलमांकडे बघितलं आणि तसाच उभा राहिला. त्याचा चेहरा हलल्यासारखा झाला. शार्शेनने तिकडे पाठ केली आणि गोणपाटाची गाठ पुन्हा आवळली, जी आधीच घट्ट होती.

“आके,” जोमार्त म्हणाला, “ब्रेक दुरुस्त करून घेतला मी.”

“बरं केलंस,” शार्शेन म्हणाला. “धर हे. बुंध्याला नको, खालून धर.”

दोघांनी मिळून पाचही कलमं मागे नेऊन लावली. मग रिकामे खड्डे भरायला आले. शार्शेन माती लोटत होता आणि जोमार्त ती पायांनी दाबत होता, टाचेने, मग चवड्याने, एखादी बाई लेकराच्या अंथरुणातल्या सुरकुत्या काढते तसा. फळ्या काढलेल्याच होत्या. पलीकडच्या ओसरीवर कुणीतरी आपाला बाहेर आणून टेकवून बसवलं होतं. बुरुल चहा घेऊन आली तेव्हा जमीन सारखी झाली होती. शार्शेनने फावडं मातीत रोवलं आणि कंबर सरळ केली.

“अरे,” ओसरीवरून बारीक आवाज आला. “ते बघा, डाव्या हाताला. तिथे अजून खळगा राहिलाय.”

दोघांनी वळून बघितलं. खरंच राहिला होता.

जोमार्त हलला नाही. मग शार्शेननेच फावडं उचललं, घमेलं भरून माती नेली आणि खळग्यात टाकली.

“एवढी पुरे, आपा?” त्याने विचारलं.

“अजून थोडी,” ती म्हणाली.