बाराव्या गावाची ओळ

बारा गावांच्या वेबसाइटचा मेनू मोएलागीनं एका दुपारात उरकला. जावास्क्रिप्टच्या सहा ओळी. ‘गाव निवडा’ या बटणावर बोट टेकलं की यादी खाली घरंगळायची, पुन्हा टेकलं की मिटायची. यादीच्या खोक्याची उंची तिनं अंदाजानं ठरवली, आणि त्यात मावणार नाही ते झाकून टाक, असं कोडला बजावलं. सगळ्यांत खाली लिहिलं स्वतःचं गाव, फालेमोली. आमच्या सवाई बेटावर आपलं गाव आधी घेणं म्हणजे पाहुण्यांआधी पानावर बसणं.

कचेरीत समोरच्या टेबलावर म्हातारा इओसेफो कोको ढवळत होता. ‘‘माझंही गाव खालीच टाक, पोरी. तुझ्या शेजारी.’’

‘‘अकरावं टाकलंय, काका.’’

‘‘सगळी मावली का?’’

‘‘तुमचं पोट मावेल एवढी जागा आहे.’’

हसता हसता मोजायचं राहिलं.

संध्याकाळी बसवाल्यानं तिला फालेमोलीचं तिकीट दिलंच नाही. ‘‘कुठं आलं हे?’’

‘‘फियालो, थट्टा पुरे. परवा माझ्या आईकडून तारोचे कंद घेऊन गेलास की.’’

फियालो थट्टा करत नव्हता. भुताकडं बघावं तसा बघत होता. तिनं आईला फोन लावला. घंटाच वाजेना, नुसती समुद्रासारखी घरघर. रात्र दुसऱ्या गावी जन्मलेल्या चुलतबहिणीकडं काढली, तर ती म्हणाली, ‘‘कुणाची आई?’’

सकाळी कचेरीत इओसेफो तिच्याकडं बघेना. तिच्या आरपार, खिडकीबाहेरच्या फणसाकडं बघत राहिला. तिनं हात हलवला. हात जरा पातळ वाटला.

मग तिनं मेनू उघडला आणि बोट ठेवून मोजलं. अकरा. फालेमोली खोक्याच्या काठाखाली दडलं होतं.

जिथं नाळ पुरलीय ते गाव माणूस विसरत नाही, म्हणून काय गळलंय ते तिला तरी कळलं. पण घाबरलेल्या माणसाला खोक्याची उंची वाढवणं सुचत नाही, नावाची जागा बदलणं सुचतं. लाज गुंडाळून तिनं फालेमोली सगळ्यांत वर चढवलं. लगेच फोन वाजला.

‘‘अगं, काल आली का नाहीस? तारो उकडून वाट बघत बसले,’’ आई म्हणाली.

मोएलागी रडली, हसली, तासभर बोलत राहिली. फोन ठेवला तेव्हा समोरच्या टेबलावर कोकोचा कप होता, चमचा अजून आत. खुर्ची रिकामी. तिथं कोण बसतं, ते तिला आठवेना.

कुठं काहीतरी टोचत होतं. तिनं पुन्हा मोजलं. अकराच. कोडमधल्या यादीत मात्र बारा नावं. काठाखाली सरकलेलं शेवटचं नाव तिनं तीनदा वाचलं. असलं गाव आपल्याकडं नव्हतं. दोनदा छापलेली ओळ असते तशी असेल काहीतरी, असं म्हणून तिनं ती पुसून टाकली आणि मथळ्यातल्या ‘बारा’चं ‘अकरा’ केलं. मग कप धुवायला घेतला.

विचारा कुणालाही, आमची गावं पहिल्यापासून अकराच. कचेरीत रोज एक कप कोको जास्त निघतो, एवढंच.