टीव्हीखालचा चौरंग

मित्रांनो, मी एक जुना सागवानी चौरंग आहे. जुना म्हणजे मोडका नव्हे बरं! चारही पाय अजून जमिनीला धरून आहेत. आजकालच्या फर्निचरला म्हणावं, इतकी वर्षं उभं राहून दाखव.

माझा जन्म खानदेशातला. अमळनेरजवळच्या एका सुताराने मला घडवलं, ते आमच्याकडच्या कानबाई देवीसाठी. श्रावणातल्या रविवारी नारळाची कानबाई नथ लेवून माझ्यावर बसायची. आदल्या दिवशी घरच्या धुरपदाबाई मला हळदीच्या पाण्याने पुसायच्या. कडब्याच्या कुट्टीच्या यंत्रात त्यांच्या उजव्या हाताची करंगळी गेली होती. चारच बोटांचा हात, पण कोपरान् कोपरा पुसायचा.

त्यांचा लेक हिलाल सुरतेला कापडाच्या लूमवर लागला, तसा मीही धुरपदाबाईंबरोबर तिथल्या गोडादऱ्याला आलो. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या साली सगळी वस्ती गावाकडे पळाली. लोकांनी ट्रंका उचलल्या, धुरपदाबाईंनी मला डोक्यावर घेतलं. आम्ही सुरतेला परतलो, आणि पुढच्या वर्षी त्या देवाघरी गेल्या. मग मला विचारतो कोण?

त्यांची सून पुष्पाबाई. मनाने वाईट नव्हती, पण शेजारच्या शेठाणीचं घर पाहून तिचे डोळे फिरले. लेक योगितासाठी सुरतेतल्याच भेस्तानचं चांगलं स्थळ आलं होतं. मुलाची आई मंगलाबाई घर बघायला येणार. पुष्पाबाईने झालरीचे पडदे लावले, काचेच्या कपाटात प्लास्टिकची फुलं मांडली. मग टीव्हीखाली काय, म्हणून मला ओढलं.

सुकलाल मिस्त्री हातोडी घेऊन थबकला. "वहिनी, देवीचा चौरंग आहे. खिळा कसा ठोकू?"

"देव टीव्हीत दिसत नाहीत का? ठोका."

"आणि कानबाईला कुठं बसवणार?"

"काचेच्या टीपॉयवर. तिलाही जरा नवं बघू द्या."

मला पांढऱ्या सनमायकाने मढवलं. पायांपुढे फळ्या मारल्या. अंधारात मला माझा स्वतःचा वासही येईना. बाहेर मात्र योगिता टाळ्या पिटत गुजरातीत कौतुक करत होती, "मम्मी, केवुं सरस लागे छे!"

श्रावण लागला आणि सनमायकावर हरभऱ्याएवढा पिवळा ठिपका उमटला. पुष्पाबाईने साबणाने घासला. दुसऱ्या दिवशी तो तळहाताएवढा झाला. तिने योगिताला बोल लावले, मिस्त्रीला शिव्या घातल्या. मिस्त्रीने सनमायका उपटून नवा बसवला, तर त्यावरही तोच डाग उमटला. तिसऱ्या दिवशी दुपारी, घरात कोणी नसताना, तो पिवळा डाग हळूच पुढे सरकला. मी आतून बघत होतो. त्याला एक एक करून बोटं फुटली. अंगठा धरून चार. पाचवं फुटलंच नाही.

पुष्पाबाईने त्यावर विणलेला रुमाल अंथरला. त्याच संध्याकाळी मंगलाबाई आल्या.

त्यांनी पडदे पाहिले, फुलं पाहिली. चहाची बशी ठेवायला म्हणून रुमाल सरकवला. पंजा दिसला. त्यांनी बोट लावलं, तर बोट पिवळं ओलं झालं.

"हे काय हो?"

"हळद सांडली," पुष्पाबाई म्हणाली.

"सांडलेल्या हळदीला बोटं असतात? आणि करंगळी कुठं गेली?"

योगिताने तोंडावर हात ठेवला. "मोठी माय! आजीचा हात!"

पुष्पाबाईने खोटं बोलावं तर पंजा समोर, खरं बोलावं तर लेकीचं स्थळ जाणार. शेवटी ती घरच्या अहिराणी बोलीत पुटपुटली, "हाऊ मन्ह्या सासूना हात शे. त्यांचा चौरंग आहे खाली. मीच झाकला. चूक माझी, पोरीची नाही."

मंगलाबाईंनी पिवळं बोट पदराला पुसलं नाही. कपाळाला लावलं. "आमच्यातही कानबाई बसते, बाई. टीव्ही आधी खाली उतरवा. मग लग्नाचं बोलू."

हिलाल आणि सुकलालने टीव्ही उतरवला, सनमायका सोलला. खाली माझं लाकूड कोरडं होतं. हळदीचा कणही नव्हता.

त्या रविवारी कानबाई माझ्यावरच बसली. पुढे लग्न झालं, तेव्हा योगिता पडदे नको, कपाट नको म्हणाली. मला घेऊन भेस्तानला आली.

मित्रांनो, घर जरूर सजवा. पण जुन्या वस्तूवर काही चिकटवण्याआधी तिच्यावर कुणाचा हात फिरला होता, ते विचारा. उंची सामानाने घर भरतं, पण घराला घरपण त्या हातानेच येतं.

आजही श्रावणात योगिता मला हळदीच्या पाण्याने पुसते. तिचे हात दोन. माझ्यावर मात्र तीन फिरतात. तिसऱ्याला करंगळी नाही, पण कोपरे तोच पुसतो.