शंभर भविष्यांची एक रेघ

मनेआबात, म्हणजे गावाच्या सभेच्या मोठ्या छपराखाली, पांढरी चादर टांगून झाली, जनरेटर दोनदा खोकून एकदाचा सुरू झाला, आणि विमानातून उतरून थेट इथे आलेल्या एरेतीने चटईवर मांडी घालून लॅपटॉप उघडला. मनातून ती भलतीच खुशीत होती. ज्या छपराखाली ती लहानपणी खांबाआड लपून म्हाताऱ्यांची भाषणं ऐकायची, तिथे आज तिचं चित्र लागणार होतं.

चित्र म्हणजे आलेख. दूर सुवा शहरातल्या कचेरीत संगणकावर पाण्याचं गणित करणारे सहा-सात जण होते, पण आलेख काढायचं फंक्शन, म्हणजे संगणकाला दिलेली कृती, एकट्या एरेतीने लिहिलेलं. पाणी उपसायच्या कितीही योजना द्या, गोड्या पाण्याच्या थराची जाडी म्हणा, खारेपणा म्हणा, काय हवं ते विचारा, फंक्शन तीस वर्षांच्या रेघा एकमेकींशेजारी काढून देणार. तिचा वरिष्ठ वाइसेया म्हणायचा, "एरेतीची कढई आहे ही. काही टाका, खुसखुशीत होऊनच बाहेर येतं." पगार वाढला नाही, पण कौतुक झालं. आपल्याकडे बहुतेक वेळा तेवढंच होतं.

आमच्या बेटांवर पाणी म्हणजे काय, तर वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा पातळ थर. जपून काढलं तर नातवंडांना पुरतं. हावरटपणा केला की खालचं खारं वर येतं, आणि ते परत खाली जायला कित्येक वर्षं जातात. या गावापुढे तीन योजना होत्या. घरोघरच्या विहिरी आहेत तशा ठेवायच्या. नाहीतर लहान लहान चार पंप बसवायचे. नाहीतर दक्षिण टोकाला एक मोठा पंप आणि साऱ्या गावाला नळ. प्रत्येक योजनेची शंभर भविष्यं संगणकाने चालवून पाहिली होती, कधी पाऊस जास्त, कधी दुष्काळ. गोडं पाणी किती उरेल याची त्या शंभरांची सरासरी म्हणजे चादरीवरची एक जाड रेघ. मोठ्या पंपाची रेघ आधी थोडी खाली जायची आणि मग शेवटी सगळ्यांच्या वर चढायची. आजच्या सभेत गाव एका योजनेला आपला शब्द देणार, असं एरेती समजून होती.

बारानिको मामा आला. तिच्या आईचा थोरला भाऊ, आणि मनेआबात त्यांच्या घराण्याच्या जागेवर बसून बोलायचा मान त्याचा. चादरीकडे बघून तो म्हणाला, "एवढीच रेघ? अगं, इतक्या लांबून विमानाने आलीस आणि मासे पकडायची दोरी दाखवतेस?"

"मामा, ती शंभर भविष्यांची रेघ आहे."

"मग शंभर दाखव की! एका रेघेवर म्हातारे घोरायला लागतील. दोन मासे खाऊन बसलेत सगळे."

पोरं खिदळली. एरेतीही हसली. अवघड काहीच नव्हतं, जाड रेघेच्या मागे शंभर बारीक रेघा काढा एवढंच फंक्शनला सांगायचं. तिने दोन ओळी वाढवल्या आणि मोठ्या पंपाचं चित्र काढलं.

बारीक रेघा डावीकडून झुंडीने निघाल्या. मग तुटायला लागल्या. दहाव्या वर्षापाशी एक तुटली, मग पाच, मग कितीतरी. विसाव्या वर्षापुढे चादर जवळजवळ मोकळी होती. उजव्या टोकाला मोजून नऊ रेघा पोचल्या होत्या आणि त्या नऊंच्या मधोमध ती जाड रेघ ऐटीत वर चढत होती.

"बिघडलं वाटतं," एक पोरगी म्हणाली.

एरेतीलाही तसंच वाटलं. तिने पुन्हा काढलं. पुन्हा तेच. मग तिने फंक्शन उघडलं आणि तिला ती ओळ दिसली. दोन वर्षांपूर्वी तिनेच लिहिलेली. सरासरी काढताना रिकाम्या जागा सोडून द्या. त्या वेळी रेघा मध्येच तुटून आलेख ओंगळ दिसायचे, वाइसेया कटकट करायचा, म्हणून तिने हा उपाय केला होता. रिकामी जागा कुठून येते हे तिने विचारलंच नव्हतं. आता तिला कळलं. ज्या भविष्यात पाणी खारं होतं तिथे पाण्याचं गणित थांबतं आणि पुढची वर्षं रिकामी राहतात. नापास पोरं घरी पाठवायची, उरलेल्यांची सरासरी काढायची आणि शाळा सुधारली म्हणून बत्तासे वाटायचे, तसा हा प्रकार. मोठ्या पंपाची रेघ वर चढत होती, कारण मेलेली भविष्यं हिशेबातून उठून गेली होती.

तिच्या पायाखालची वाळू सरकली. तिने घाईघाईने बाकीच्या दोन योजना काढल्या. लहान पंपांत शंभरातल्या एकसष्ट रेघा शेवटपर्यंत टिकत होत्या. नुसत्या विहिरींवर राहिलं तर ऐंशी. तिच्या चित्राने सगळ्यात वाईट योजनेला पहिला नंबर दिला होता.

तिच्याबरोबर सुव्याहून आलेला वाइसेया मागे बसला होता, त्याला तिने खुणेने बोलावलं. तो वाकून बघत राहिला. त्याच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरलं.

"देवा रे," तो पुटपुटला. मग कानाशी येऊन म्हणाला, "इथे बोलू नकोस. चादर उतरव, मशीन बिघडलं म्हण. सुव्याला जाऊन दुरुस्त करू, नवा अहवाल पाठवू. लोकांसमोर आपली शोभा कशाला?"

"ते आज शब्द देणार आहेत, वाइसेया. मनेआबात दिलेला शब्द तुझ्या अहवालाने फिरत नाही."

"नोकरी जाईल बाई. तुझी आणि माझीसुद्धा."

एरेतीला त्याचा राग आला नाही. तिलाही तेच वाटत होतं. पंखा घेऊन वारा घालणाऱ्या बायका, पाठीला पाठ लावून बसलेले म्हातारे, या सगळ्यांसमोर आपण गाढव आहोत हे सांगायचं तिच्या अगदी जिवावर आलं होतं. पण तिची आई याच गावात राहत होती. तिची विहीर, तिचा बाबाईचा, म्हणजे अळूसारख्या कंदाचा, खड्डा, सगळं दक्षिण टोकाला, पंपाच्या अगदी जवळ. ती सरकत मामाच्या मागे गेली आणि हळू आवाजात त्याला सगळं सांगितलं.

मामा मान न वळवता म्हणाला, "म्हणजे त्या शंभरातली एक्क्याण्णव गावं खारं पाणी पितात."

"हो, मामा."

"आणि हे तुला आत्ता कळलं."

"आत्ता. तू शंभर दाखव म्हणालास तेव्हा."

"मी गंमत करत होतो गं!" मामाचा आवाज फाटला. बोलणी थांबली. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो उठून उभा राहिला. "मंडळी," तो म्हणाला, "माझ्या भाचीला बोलायचंय. माझ्या जागेवरून बोलेल ती. चूक तिची आहे, आणि तिच्याआधी माझी आहे."

मामाची कसली चूक हे एरेतीला समजेना. ती उभी राहिली आणि जमेल तसं सांगत गेली. रिकाम्या जागा, तुटलेल्या रेघा, नऊ आणि ऐंशी. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "पंप अजून बेटावर आलेला नाही. आज शब्द देऊ नका. विहिरी आहेत तशा राहू द्या, एवढंच माझं मागणं आहे."

कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी कोपऱ्यातल्या एकाने विचारलं, "बारानिको, पोरीला सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं?" एरेती म्हणाली.

मामा तिच्याकडे बघेना. "मागच्या महिन्यात तू मला फोनवर ते चित्र पाठवलंस. बघ मामा, किती छान आलंय म्हणालीस. मी ते इथे दाखवलं. माझ्या भाचीने काढलंय म्हणून छाती फुगवून दाखवलं. शब्द तेव्हाच दिला गेला, पोरी. आजची सभा तुम्हा पाहुण्यांना जेवू घालायला आहे."

"मग?"

"नळ येणार म्हटल्यावर उघड्या विहिरी कशाला? पोरंटोरं पडतात, डास होतात. ज्याने त्याने आपापली बुजवली. सध्या चर्चच्या पावसाच्या पाण्याच्या टाकीवर चाललंय."

एरेती चपला न घालताच मनेआबातून बाहेर पडली आणि आईच्या घराकडे धावत सुटली. मागून मामा धापा टाकत येत होता.

आई चुलीपाशी पाहुण्यांसाठी बाबाई नारळाच्या दुधात शिजवत होती. लेकीला बघून तिने तोंडभर हसून हात पुसले.

"आई, विहीर कुठंय?"

"ती काय." घरामागे जिथे विहीर होती तिथे पांढऱ्या दगडांचा सपाट ओटा झाला होता, वर चटईसुद्धा अंथरली होती. "सगळ्या गावात पहिली मी बुजवली. लोक म्हणत होते, थांब, आधी नळ येऊ दे. मी म्हटलं, माझ्या पोरीने सांगितलंय, थांबायचं कशाला? माझं बघून मग बाकीच्यांनी बुजवल्या."

एरेती मटकन त्या दगडांवर बसली. हातांनी दगड उचकटायला लागली, नखं तुटली तरी थांबेना. आई आधी हसली, मग भावाच्या चेहऱ्याकडे बघून तिचं हसू मावळलं.

"काय झालं हिला?" तिने विचारलं.

मामाने एरेतीकडे बघितलं. आता सांगायचं काम तिचंच होतं.